मल्लय्यांची विहीर, रावगारूंचं लॉन

"मॅडम, इस कोने में नक्को," मल्लय्या म्हणाले. "ये लाइन का पानी नीचे हमारी बावी कू जाता."

बोअरची गाडी चालू होती, म्हणून त्यांना माझ्या कानाशी येऊन बोलावं लागलं. आम्ही दोघंही दगडाच्या पांढऱ्या भुकटीनं माखलो होतो. आमचे गिऱ्हाईक प्रसाद राव यांच्या प्लॉटवर दोन बोअर आधीच फेल गेल्या होत्या. तिसरीसाठी पॉइंटर, म्हणजे जमिनीखालचं पाणी दाखवणारा माणूस, तळहातावर नारळ आडवा ठेवून प्लॉटभर हिंडला. नारळ उभा राहिला तो उताराकडच्या कोपऱ्यात. मल्लय्यांची हरकत त्याच कोपऱ्याला होती. कंपाउंडच्या पलीकडे, उतारावर दोनशे पावलांवर त्यांची वस्ती होती आणि वस्तीत त्यांच्या आजोबांनी खणलेली विहीर. तेलुगूत विहिरीला बावी म्हणतात.

आमचं बोलणं दखनीत चालायचं. इथे बरंचसं मराठीत सांगते. मी म्हटलं, "मल्लय्या, तुमची विहीर चाळीस फूट. ही बोअर तीनशेच्या खाली जाणार. ते पाणी वेगळं, हे पाणी वेगळं."

त्यांनी चेहऱ्यावरची भुकटी पुसली. मग म्हणाले, "हौ. आप पढ़े हुए हैं." त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

मी बी.एस्सी. अ‍ॅग्रिकल्चर आहे. आमच्याकडच्या ग्रॅनाइटमध्ये पाणी टाकीत भरल्यासारखं साचत नाही. ते खडकाच्या भेगांतून हिंडतं, आणि वरच्या भेगा खालच्या भेगांना मिळालेल्या असू शकतात. हे मी कॉलेजात शिकले होते आणि त्या दुपारी मला ते आठवतही होतं. मी बोलले नाही. दोनशे नव्वद फुटांवर पाणी लागलं. भुकटीचा आधी चिखल झाला, मग पाण्याची धार माणसापेक्षा उंच उडाली. रावांनी तोच नारळ फोडला आणि पहिला तुकडा मल्लय्यांच्या हातावर ठेवला.

आम्ही इथवर कसे आलो ते सांगायला हवं. मी शहरात, चिक्कडपल्लीत वाढले. आमचं मराठी घराणं मूळचं शेतीवालं, निजामाच्या राज्यापासून इकडचंच. एका सरकारी कारखान्याच्या हॉर्टिकल्चर सेक्शनमध्ये मी सोळा वर्षं सुपरवायझर होते. कॉलनीची झाडं, गेस्ट हाउसचं लॉन, मॅनेजमेंटच्या बंगल्यांच्या कुंड्या, असं काम. नव्वदीच्या मध्याला सगळीकडे व्ही.आर.एस.चं वारं आलं. कारखान्यात माणसं जास्त झाली म्हणे, आणि जास्त झालेल्यांत पहिले आम्ही. यंत्र बंद पडलं तर नुकसान होतं, गवत वाढलं तर काय होतं? पर्सोनेल मॅनेजरनी मला असंच समजावलं होतं.

मल्लय्या आमचे हेडमाळी. माझ्याहून अकरा वर्षांनी मोठे. कागदावर मी त्यांची वरिष्ठ, पण दोरी न लावता लॉनची कड सरळ कशी कापायची हे मला त्यांनी शिकवलं. आम्ही एकाच दिवशी सही करून बाहेर पडलो. गेटबाहेर चहा पिताना ते म्हणाले, "शहरात नवे बंगले उठतायत. लोकांना गवत पाहिजे. गवत माझी बायको वाढवेल." आमच्या बिझनेस प्लॅनमध्ये याच्यापेक्षा जास्त काही नव्हतं.

लक्ष्मम्मा, त्यांची बायको, वस्तीतल्या आपल्या पाऊण एकरात कार्पेट गवत लावायची. हे गवत मातीसकट फूटभराच्या चौकोनी तुकड्यांत काढतात आणि नव्या जागी फरशीसारखं जोडून अंथरतात. तिच्या तुकड्यांत एक तण सापडत नसे. शहराच्या पश्चिमेला त्या खडकाळ टेकड्यांत तेव्हा रोज नवं कंपाउंड उभं राहत होतं. दीड वर्षात आमच्याकडे तीन बंगले आणि एका कॉम्प्युटर कंपनीचं ऑफिस आलं. प्रसाद राव पाचवे, आणि सगळ्यांत मोठे. अमेरिकेत वीस वर्षं राहून परतले होते. त्यांना घरासमोर अर्धा एकर सलग हिरवं पाहिजे होतं, मध्ये एकही झाड नको.

"सुनंदागारू, मी तिथे रोज सकाळी असं लॉन बघायचो," ते म्हणाले होते. "दुसऱ्यांचं. आता माझं पाहिजे."

गारू म्हणजे तेलुगूतलं 'जी'. माणूस वाईट नव्हता. मल्लय्यांशी ते बरोबरीनं उभं राहून बोलत.

डिसेंबरात लॉन अंथरलं. सगळं गवत लक्ष्मम्माचं. संक्रांतीपर्यंत मुळं धरली. लोक गाड्या थांबवून फाटकातून आत बघायचे. अशा लॉनला उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ पाणी लागतं, आणि आमच्या उन्हात ते अर्धंअधिक हवेतच उडून जातं. मोटर सकाळी चार तास, संध्याकाळी चार तास.

मार्चच्या सुरुवातीला मी नव्या ऑर्डरचं गवत बघायला वस्तीत गेले. नर्सरीचा खालचा पट्टा पिवळा पडला होता. मला वाटलं बुरशी असेल. बसून एक तुकडा उचलला तर माती कोरडी ठणठणीत.

"पाणी देत नाही का लक्ष्मम्मा?"

ती मला विहिरीपाशी घेऊन गेली. काठावर सात-आठ बायका घागरी घेऊन बसल्या होत्या. दगडी पायऱ्या जिथे संपतात त्याच्याही बऱ्याच खाली पाणी दिसत होतं, परातीएवढं. पायऱ्या संपल्यावर त्यांनी बांबूची शिडी लावली होती.

"असं कधी झालं होतं?"

"माझं लग्न झाल्यापासून नाही," ती म्हणाली. "गवताला पाणी बंद केलंय. प्यायला पुरेना."

मल्लय्यांना हे पंधरा दिवसांपासून माहीत होतं. रोज सकाळी ते रावांच्या लॉनवर माझ्या शेजारी उभं राहून स्प्रिंकलर फिरताना बघत होते. मी विचारलं, "मला बोलला का नाहीत?"

"बोललो होतो ना," ते म्हणाले.

मी त्याच दिवशी रावांकडे गेले. म्हटलं, मोटर चार दिवस बंद ठेवा, विहिरीला फरक पडतो का बघू.

"चार दिवस? या उन्हात? महिन्याभरात माझ्या मुलीची एंगेजमेंट आहे, ह्याच लॉनवर."

"मग दोन."

त्यांनी दोन दिवस दिले. मी विहिरीच्या भिंतीवर खडूनं खूण केली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाणी खुणेच्या दोन वीत वर आलं होतं. आता शंकेला जागा नव्हती. वस्तीतल्या बायका आनंदल्या. त्यांना वाटलं मी विहीर दुरुस्त केली.

रावांना जाऊन सांगितलं. ते खरोखर अस्वस्थ झाले. व्हरांड्यात येरझारा घातल्या.

"बोअर तुम्हीच घ्यायला लावलीत," ते म्हणाले.

"हो. चूक माझी आहे. म्हणून उपाय घेऊन आले आहे. लॉन निम्मं करू या. उरलेल्या जागेत कडुनिंब, बोगनवेल, कमी पाण्याची झाडं लावू. मोटर सकाळी एक तास पुरेल. सगळं मी स्वतः करून देते."

"आणि एंगेजमेंट?"

मी निम्म्या लॉनचा काढलेला नकाशा पुढे केला.

"असं करतो, वस्तीला रोज टँकर पाठवतो. नंतर बघू."

टँकर आला, रोज आला. मी लॉन सांभाळत राहिले. मी तेव्हाच काम सोडलं असतं तर? हा प्रश्न माझा नवराही मला विचारायचा. तो शाळेत शिक्षक होता, त्याला गोष्टी सोप्या दिसायच्या. मी त्याला सांगायचे, मी सोडलं तर दुसरा कुणी येईल आणि सहा तासांच्या जागी दहा तास मोटर चालवेल. निदान मी मोटर आठावरून सहा तासांवर आणली होती. हे खरं होतं. आणि एवढं देखणं लॉन मी आयुष्यात पहिल्यांदा केलं होतं, हेही खरं होतं.

समारंभाच्या दिवशी मल्लय्यांनी पहाटे येऊन स्वतः कापणी केली. एकदा उभी, एकदा आडवी. पाहुणे चपला काढून गवतावर चालले.

त्यानंतर राव महिनाभरासाठी अमेरिकेला गेले. टँकर चार दिवस आला आणि बंद झाला. मुद्दाम नाही. ड्रायव्हरला सांगणारं कुणी उरलं नव्हतं. बंगल्याच्या मॅनेजरला साहेबांनी फक्त लॉनबद्दल सांगून ठेवलं होतं. मी त्या आठवड्यात कॉम्प्युटर कंपनीच्या कामात होते. मला कळलंच नाही.

मग एका सोमवारी मल्लय्या कामावर आले नाहीत. सोळा अधिक दोन अशा अठरा वर्षांत न कळवता त्यांनी रजा घेतली नव्हती. दुपारी मी वस्तीत गेले. काठावरच्या एका बाईनं शिडीकडे बोट दाखवलं. शिडी मधोमध मोडली होती. ती मोडली तेव्हा लक्ष्मम्मा डोक्यावर भरलेली घागर घेऊन वर चढत होती. खाली खडक होता.

सरकारी दवाखान्यात ती खिडकीजवळच्या खाटेवर होती. कंबरेचं हाड मोडलं होतं. मल्लय्या खाली जमिनीवर बसले होते. मला बघून उठले आणि स्टूल पुढे केलं. मी बसले नाही.

लक्ष्मम्मानं डोळे उघडले. तेलुगूत म्हणाली, "अम्मा, एक विचारू? त्या बंगल्यात माझी गड्डी कशी दिसते? चांगली लागली का?"

गड्डी म्हणजे गवत. तिनं ते तुकडा तुकडा करून वाढवलं होतं, गोणपाटात गुंडाळून ट्रॅक्टरवर चढवलं होतं. दोनशे पावलांवर अंथरलेलं ते तिनं कधी पाहिलंच नव्हतं. त्या फाटकातून आत जायचं तिला काही कारण नव्हतं, आणि आम्हा दोघांपैकी कुणाला तिला घेऊन जायचं सुचलं नव्हतं.

"फार चांगली लागली," मी म्हटलं.

ती हसली. "मग तिला पाणी तर लागणारच," म्हणाली.

मल्लय्या खिडकीबाहेर बघत होते. मी व्हरांड्यात आले, तसे तेही मागून आले. म्हणाले, "मॅडम, रोइए नक्को. अंदर आवाज जाता."

मी त्याच आठवड्यात रावांचं काम सोडलं. अमेरिकेला फोन लावून सांगितलं. लक्ष्मम्माचं ऐकून त्यांनी दवाखान्याचं नाव विचारून घेतलं. मग म्हणाले, दवाखान्याचं सगळं मी बघतो. बघितलंही. मी म्हटलं, मोटर? ते म्हणाले, "सुनंदागारू, लॉन मरू द्यायचं का मग?" मी फोन ठेवला. पंधरा दिवसांत दुसरी एजन्सी लागली.

पावसाळ्यात विहीर थोडी भरली, पण आजूबाजूला आणखी सहा बोअर झाल्या होत्या आणि पुढच्या उन्हाळ्यात ती तळाला गेली. वस्तीतली घरं एकेक करून उठली. जमीन घेणारे दारात उभेच होते. मल्लय्यांनी सगळ्यांत शेवटी सही केली. ते अंबरपेठेत दोन खोल्यांत राहायला गेले, तळमजल्यावर, कारण लक्ष्मम्माला पुढे कधी जिना चढता आला नाही. मी पुन्हा काम सुरू करू म्हणून दोनदा विचारलं. "अब नक्को मॅडम. हात नहीं चलता," म्हणाले. हात चांगले चालत होते. त्यांनी दारापुढच्या वीतभर जागेत एक कढीपत्ता लावला होता आणि त्याला भांडी धुतलेलं पाणी घालत होते.

मी जायचे तेव्हा दोघं मला जेवल्याशिवाय सोडत नसत. त्यांनी मला एका शब्दानं कधी दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, असं मला बऱ्याचदा वाटलं. लक्ष्मम्मा गेली तेव्हा मी गावाला होते. मल्लय्या तिच्यानंतर वर्षभर होते.

विहीर बुजवून तिच्यावर आता अपार्टमेंट आहे. रावांचं लॉन अजून आहे, चांगलं ठेवलंय. जाता-येता दिसतं.

मी व्यवसाय आणखी अठरा वर्षं केला. नव्या साइटवर गेल्यावर मी आधी प्लॉट बघत नसे. आधी उताराकडे चालत जायचे आणि तिथल्या बायकांना विचारायचे की पाणी कुठून भरता. गिऱ्हाइकाला वाटायचं बाई विक्षिप्त आहे. काहींनी त्यामुळे काम दुसऱ्यांना दिलं. या धंद्यात गवत लावायला कुणीही शिकवतं. नको तिथे ते लावू नका म्हणणारा माणूस बहुधा एकच असतो, आणि तो आपल्या शेजारीच उभा असतो. त्याचं तेव्हाच ऐकावं. नंतर ऐकून काही उपयोग नसतो.