घंटी काढून मोहाच्या जंगलात

शर्यतीच्या आदल्या दिवशी मी सायकलची घंटी काढली अन् खिडकीत ठेवली. मडगार्ड अन् स्टँड आधीच काढले होते. चामोर्शीकडच्या जंगलातली चोवीस किलोमीटरची शर्यत मागच्या साली मी एक तास एकतीस मिनटात केली होती. यंदा दीड तासाच्या आत यायचं होतं. माहा नंबर तं काई येत नाई. आपलाच टाइम आपन तोडायचा, तेवढंच.

माहा नवरा विनोद म्हने, "घंटीचं काय वजन होते वं? त्यापेक्षा रातचा भात कमी खाय."

"शर्यतीत कोन ऐकते घंटी?" मी म्हन्लं.

खोटं काऊन सांगू, मले जंगलाचं लय भेव वाटते. आरू, माही पोरगी, तीन वर्साची आहे. ती झाल्यापासून जास्तच. उतारावर एकटी असली का वाटते मागून वाघ येऊन राह्यला. त्या भेवानंच पाय जोरात चालते माहे.

गडचांदूरहून दुपारी निघालो, विनोदच्या मालाच्या टेम्पोत. सायकल मागं दोरीनं बांधली, आरू माह्या मांडीवर. चंद्रपूर, मूल, सावली, वैनगंगेचा पूल, गडचिरोली, मंग चामोर्शी. थांबत थांबत पाच तास लागले. मूलले आलूबोंडा खाल्ला, तर्री लय तिखट होती. तुमाले जायचं असन तं अंधार पडायच्या आत पोहचा, रोडवर जनावरं येते. लॉजची खोली सहाशेची होती, कूलर आवाज करे पन चाले. जेवाले भात अन् नदीची मासोळी. पोट्टीनं काटा काढून काढून खाल्ली.

सकाळी साडेसहाले शर्यत सुटनार होती. सगळ्याइले पिवळी टी-शर्ट भेटली. शर्यत ठेवनारे तिथलेच एक मास्तर होते. थे म्हनले, "मोहफुलं वेचनारे लोक जंगलात हायेत. वळनावर आवाज देत जा."

मले हे सांगायची गरजच नव्हती. माहं माहेर नागभीडचं. लहानपनी आईसंग मी सोता मोहफुलं वेचली आहे. फुलं खाली पडते, वेचनारा मानूस उकिडवा बसून वेचते, त्याले मागचं काई दिसत नाई. म्हनून मोहाच्या दिवसात जंगलात शिरलं का दुरूनच हाक द्याची. आई तं चालता चालता खोकत जाये, खोकला नसला तरी.

मी दोन वळनावर हाक देली. मंग वाटलं, दम कायले घालवाचा.

सतरा किलोमीटरचा बोर्ड आला तवा फोनात पाह्यलं, अठ्ठावन्न मिनटं. मागच्या साली इथी एक तास तीन झाले होते. माह्या तोंडावर हासू आलं. पुढं उतार होता, खाली मऊ रेती, टायरचा आवाजच नाई. जळलेल्या पाल्याचा वास आला, मोहाचा गोड वास आला. मी ब्रेक मारला नाई.

वळन घेतलं अन् कोनीतरी ओरडलं, "वाघ! वाघ!"

मी मागं पाह्यलं. वाघ पाहाले. सायकल सरकली अन् मी कोपरावर पडली. समोर चार-पाच बाया टोपल्या टाकून झाडाइत पळून राह्यल्या होत्या. मागं वाघ नव्हता. काईच नव्हतं. मंग समजलं, त्यातली एक ओरडली थे मलेच पाहून. वाकलेल्या बाईले पाठीमागून पिवळं काईतरी अंगावर येताना दिसलं, आवाज न करता.

मोहाच्या झाडाखाली लुगड्यावर एक पोरगं बसलं होतं. आरूएवढंच. मुठीत फूल, माह्याकडे पाहे.

तेवढ्यात झुडपातून एक बाई वापस आली. माह्याच वयाची असन. हातात विळा, मोठमोठ्यानं ओरडत, सरळ माह्यावर. मले उठताच येत नव्हतं. दहा पावलावर थांबली.

"बाई व्हय," ती म्हनली. अन् विळा खाली केला.

मागून एक म्हातारी आली. "घंटी नाई का वं तुह्या सायकलले?"

"काढून ठेवली."

"काऊन?"

"जोरात जायले."

"जोरात जायले म्हने," तिनं बाकीच्याइले सांगतलं. "अन् तोंडबी घरी ठेवलं का?"

कोनी हासलं नाई. मंग म्हातारी हळू म्हनली, "मागच्या मोहात इथूनच नेली वाघानं एक बाई."

मले रडू आलं. मी सांडलेली फुलं वेचू लागली. दुसरे सायकलवाले बाजूनं गेले, एकानं विचारलं लागलं का. मी नाई म्हन्लं. टोपली भरली तवा त्या विळ्यावाल्या बाईजवळ गेली. ती खाली बसून पोराले पदरात घेऊन होती.

"मले वाघ समजली नं तू?" मी विचारलं. "तरी वापस आली?"

"मंग?" ती म्हनली. "पोरगं तं इथीच होतं."

पुढचे सात किलोमीटर मी ओरडतच गेली. "हो... सायकल येऊन राह्यली हो." गळा बसला. टाइम आला एक तास एकेचाळीस. दीडच्या आत तं नाईच, मागच्या सालापेक्षाबी दहा मिनटं जास्त. विनोदनं कोपर पाह्यलं, आरूले माह्याजवळ देलं. पोहे होते, मले गेले नाई. त्याले सगळं सांगतलं थे वैनगंगेच्या पुलावर.

घरी आल्यावर पैले घंटी लावली. टेम्पोतून सायकल उतरवायच्याबी आधी. आता आरू दिवसभर वाजवते, शेजारीन कावते.

जायचं असन तं जा. रस्ता लय चांगला आहे. पन घंटी ठेवा अन् दम हाकेले वाचवा. मीबी जाईन पुढच्या साली, दीड तास माहा बाकी आहे.

वाघाचं भेव गेलं नाई. उलट रोज एकच मनात येते. ती वाघ समजून पळाली, अन् वाघ समजूनच वापस आली. माह्यावर तशी येळ आली तं मी येईन का वापस? मले वाटते येईन. पन तिले थे माहीत आहे. मले फक्त वाटते.