मायलिसची धुण्याची वेळ

मायलिस हेडबमला कोणी ‘बिचारी’ म्हटल्याचं तिच्या कानावर आलं, की त्या माणसाची धडगत नसे. हातापायांतली ताकद आजाराने लहानपणीच नेली होती, उजव्या हाताची दोन बोटं तेवढी कामाची उरली होती. त्या दोन बोटांनी ती विजेवरची चाकांची खुर्ची चालवायची आणि जिभेने बाकीचं जग. सुंडस्वाल शहरातल्या लाकूड कंपनीत तिने एकवीस वर्षं टेलिफोन सांभाळला, आणि तिथले भलेभले साहेब तिला वचकून असत.

ती चौसष्ट वर्षांची झाली त्या साली विद्यापीठातून विल्मार नावाचा संशोधक तिच्याकडे एक यांत्रिक हात घेऊन आला. हात खुर्चीला जोडायचा आणि त्याच दोन बोटांनी हलवायचा. अट सोपी होती. बारा आठवड्यांत मायलिसने स्वतः निवडलेली तीन कामं कोणाच्याही मदतीशिवाय, त्याच्यासमोर करून दाखवायची. जमली तर हात तिचा, नाही तर यादीतल्या पुढच्या माणसाचा. विल्मारने कामांचे नमुनेही आणले होते. कॉफी पिणं, दार उघडणं, नाक खाजवणं.

मायलिसने पहिली दोन घेतली. तिसरं काम तिने स्वतःच सांगितलं. इमारतीच्या तळघरात सगळ्यांसाठी मिळून धुलाईची यंत्रं होती, तिथे जाऊन आपले कपडे आपण धुवायचे.

विल्मार बिचारा गडबडला. ते काम तर तुमची मदतनीस करतेच की, असं तो म्हणाला आणि फसला. मग त्याला सगळं ऐकावं लागलं. मायलिस सहा ते अठरा वर्षांची होईपर्यंत अपंगांच्या वसतिगृहात वाढली. तिथे कपडे सगळ्यांचे मिळून. धुऊन ढीग यायचा, अंगाला बसेल ते चढवलं जायचं. अंगावरचा झगा परवा कोणाच्या अंगावर होता, हे विचारायची सोय नव्हती. पुढे ती स्वतःच्या घरात राहायला आली, कपडे स्वतःचे झाले, पण धुणं मदतनिसांकडेच राहिलं. तळघरात कोणी घाण ठेवली की दारावर चिठ्ठी लागते, तशा चिठ्ठ्या तिच्या कपड्यांवरूनही लागत. वर लिहिलेलं असे, ‘मायलिसच्या मुलीस.’ मुलगी म्हणजे मदतनीस. तेहेतीस वर्षं त्या इमारतीत काढली, पण तिच्या नावाने एक ओळ कधी कोणी लिहिली नव्हती. हे तिला फार लागायचं.

तळघराचे नियम देवळातल्यापेक्षा कडक. भिंतीवरच्या फळ्यावर आपल्या घराचं छोटं कुलूप लावून तीन तासांची वेळ धरायची. वेळ संपण्याआधी यंत्रं रिकामी, वाळवणीच्या यंत्राच्या गाळणीत साठलेली कपड्यांच्या तंतूंची लोकर काढलेली आणि फरशी पुसलेली हवी. त्या कुलपाची किल्ली फिरवायला शिकण्यातच यांत्रिक हाताचे दोन आठवडे गेले. पायमोज्यांनी तर रडवलं, चिमटीतून सुटून ते यंत्रामागे जाऊन बसत. विल्मारने हाताच्या बोटांना भांडी घासायच्या हातमोज्याचं रबर गुंडाळलं, तेव्हा कुठे ते धरता आले. इमारतीच्या समितीने मोठ्या मनाने कळवलं, की मायलिसला वेळेचं बंधन नाही आणि मागची साफसफाई आम्ही बघू. तिने आभार मानून साफ नकार दिला.

कॉफी आणि दार ही कामं आधीच जमली होती. बाराव्या आठवड्यातल्या गुरुवारी तिची धुण्याची वेळ चार ते सात होती. विल्मार कोपऱ्यात वही घेऊन बसला. कुलूप, साबण, कपडे आत, कपडे बाहेर, सगळं जमलं, पण गोगलगाईच्या चालीने. शेवटच्या कपड्याची घडी टोपलीत पडली आणि दारात बिर्गेर उभा राहिला. जहाजाच्या इंजिनखोलीत जन्म काढलेला, दुसऱ्या मजल्यावरचा म्हातारा. सात ते दहा ही वेळ त्याची.

“सात वाजून तीन मिनिटं झालीत,” तो म्हणाला. “आणि गाळणीत लोकर तशीच आहे. तुझ्या त्या मुलीला दोनदा लिहून ठेवलं होतं मी.”

आज यांची परीक्षा आहे, जरा सांभाळून घ्या, असं पुटपुटत विल्मार उठला आणि गाळणीकडे गेला.

“विल्मार, मागे हो,” मायलिस म्हणाली. “तुझा हात लागला तर माझा जाईल.” मग तिने खुर्ची बिर्गेरकडे वळवली. “कपडे माझे, लोकर माझी. तिला कशाला लिहितोस? बोलायचं तर मला बोल.”

बिर्गेर तिच्याकडे वळला.

“बरं, तुला बोलतो. तू वेळ पाळली नाहीस. फरशीवर पाणी सांडून ठेवलंयस. चौतीस घरं ही यंत्रं वापरतात, इथे असा गबाळेपणा चालायचा नाही.”

विल्मारचा चेहरा पांढराफटक पडला. मायलिसचा मात्र खुलला.

“चुकलं माझं,” ती म्हणाली. “करते साफ.”

यांत्रिक हात गाळणीवरून दोनदा घसरला. तिसऱ्यांदा ती निघाली. लोकर खरवडून डब्यात पडली, गाळणी जागेवर बसली. मग फरशी. बिर्गेर हाताची घडी घालून भिंतीला टेकला होता. त्याने मदत केली नाही आणि ‘राहू दे’ असंही म्हटलं नाही. सात बावीसला त्याने फरशी वाकून पाहिली, “ठीक आहे,” म्हणाला आणि आपली टोपली आत घेतली.

विल्मारचे डोळे भरून आले होते. ‘बाहेरची मदत’ या रकान्यात त्याने ‘शून्य’ लिहिलं. हात मायलिसचा झाला. पुढच्या ‘शेजाऱ्यांचा प्रतिसाद’ या रकान्यापाशी पेन अडलं. सहकार्य मिळालं असं लिहू का, त्याने हळूच विचारलं.

“खोटं कशाला लिहितोस?” मायलिस म्हणाली. “बिर्गेर रागावला, असं लिही. आणि माझ्यावर रागावला, हे नीट लिही.”