मुठीवरचा खडू

आमच्या बोईसरच्या बॉक्सिंग क्लबातले जुने चार जण भेटले, की चहा येईपर्यंत तीन किस्से होऊन जातात. मग कुणीतरी नवखा हमखास विचारतो, "तुमचा दामू ऑलिम्पिकच्या कॅम्पपर्यंत गेलेला ना? एवढा चॅम्पियन, मग प्रोफेशनलमध्ये का आपटला?"

सगळे माझ्याकडे बघतात. मी क्लबाचा घंटीवाला. राऊंडची घंटी मी वाजवायचो, पॉइंट मी मोजायचो, म्हणजे उत्तरही मीच द्यायचं! एका वाक्यात ते मला कधीच जमलं नाही.

*

क्लब म्हणजे सरावलीतली पत्र्याची शेड. फर्स्ट शिफ्ट सुटली की अंगाला केमिकलचा वास घेऊनच आम्ही तिथे हजर. कोच माने सर, फौजेतून रिटायर झालेले. सरावाच्या लढतीआधी ते दोघांच्या ग्लोव्ह्जवर खडूची पूड चोळायचे आणि काळे बनियन घालायला लावायचे. लढत संपली की मी बनियनवरचे पांढरे डाग मोजायचो. ज्याच्या अंगावर डाग जास्त, तो हरला.

"लाव आणि हट!" सर ओरडायचे. "मारामारी नाक्यावर करा. इथे पॉइंट घ्या."

दामू चिंचणीच्या कोळ्यांचा. त्याचा डावा हात कधी यायचा आणि कधी जायचा, कळायचंच नाही. एकदा त्याने आमच्या एका दांडगट फिटरला असा रंगवला, की घरी बायको म्हणाली, "शाळेत मास्तर झालात की काय?"

फिटरला मात्र कुठेच दुखत नव्हतं. तेव्हा आम्हाला त्याचंच केवढं कौतुक!

*

ऑलिम्पिकचं तिकीट दामूचं थोडक्यात हुकलं. तो कॅम्पवरून परत आला. मग पैशाच्या, प्रोफेशनल लढती भरवणारा मुंबईचा एक प्रोमोटर शेडवर आला. दामूला तासभर बघितलं आणि म्हणाला, "हात छान आहे. पण आमच्याकडे डाग मोजत नाहीत. मी ऑलिम्पिकचं गोल्ड घेतलेले पाचव्या राऊंडला खाली बसलेले बघितलेत."

सर म्हणाले, "दामू, जाऊ नकोस."

दामू म्हणाला, "सर, अजून चार वर्सं थांबून मी काय करू? आता हाय ते हाय."

*

पहिली लढत सहा राऊंडची. दामू सवयीने बनियन घालूनच रिंगमध्ये चढला! इथे उघड्या अंगाने लढायचं, म्हणून रेफ्रीने काढायला लावलं, तर हा छातीवर हात धरून उभा. हॉल खदाखदा हसला.

तीन राऊंड दामूने समोरच्याला नाचवलं. तिसरी घंटी झाली आणि दामू सरळ चालत समोरच्या कॉर्नरला गेला, त्यांच्या कोचशी हात मिळवायला. आमच्यात लढत तीनच राऊंडची आणि ती संपली की हीच रीत. पंधरा वर्षांत त्याचं अंग तेवढंच शिकलं होतं.

त्या म्हाताऱ्या कोचने मात्र हात मिळवला आणि म्हणाला, "बेटा, अभी तो शुरू हुआ है."

पाचव्या राऊंडला दामूचे पाय संपले. कसाबसा उभा राहिला आणि हरला.

*

दुसऱ्या लढतीत तर त्याने समोरच्याचे गुडघेच हलवले. सगळा हॉल उठला, "मार! मार!" आणि दामू दोन पावलं मागे हटून रेफ्रीकडे बघत उभा! आमच्यात समोरचा डळमळला की रेफ्री लढत थांबवतो, आठपर्यंत मोजतो. इथे रेफ्री गप्प. तेवढ्यात समोरच्याने श्वास घेतला, पुढे आला आणि दामूच्या दोन बरगड्या मोडल्या.

हॉस्पिटलात सर खाटेशी बसले होते. "मागे हटायला मीच शिकवलं रे," म्हणाले. दामू हसायला गेला, पण बरगड्यांनी हसू दिलं नाही.

*

तिसऱ्या लढतीला सर आले नाहीत. "मला बघवणार नाही," म्हणाले आणि आपला पांढरा टॉवेल माझ्या खांद्यावर टाकला. कॉर्नरवाल्याने टॉवेल रिंगमध्ये फेकला की लढत तिथल्या तिथे बंद.

"घंटीवाल्या, टाकायची वेळ तुला कळेल. फक्त त्याला विचारू नकोस!"

पाचवा राऊंड संपला तेव्हा दामूचा डावा डोळा मिटला होता. स्टुलावर बसला तो मला शोधत दुसरीकडेच बघत होता. आणि मी विचारलं, "दामू, टाकू का?"

"किती झाले?" तो म्हणाला.

मी मोजत होतो ना! जन्मभराची खोड. त्याचे एकेचाळीस ठोसे लागले होते, समोरच्याचे सतरा. मी तेच सांगितलं.

"मंग? आपण पुढं हाय. टाकू नको."

खरंच पुढे होता हो! काळं बनियन असतं तर समोरचा पांढराफटक दिसला असता. टॉवेल मी खांद्यावरच ठेवला. सहाव्या राऊंडला दामू पडला आणि तीन दिवस शुद्धीवर आला नाही.

*

चिंचणीला त्याच्या घरी जायला मला दोन वर्षं लागली. त्याची बायको सुमन अंगणात बोंबील वाळत घालत होती. दामू ओट्यावर बसला होता. उजवा हात मांडीवर पडलेला, जीभ जड. तोंडातून लाळ गळते म्हणून खांद्यावर कायम एक टॉवेल.

सुमनने चहा दिला. मी बोलत सुटलो. मी विचारायलाच नको होतं, मी आकडा सांगायला नको होता, सरांनी बजावलं होतं, मी टाकायला हवा होता, माझ्यामुळे तुझं हे झालं. रडत होतो आणि थांबता येत नव्हतं. सुमन हातातले बोंबील तसेच धरून उभी राहिली.

मग दामूने डाव्या हाताने खांद्यावरचा टॉवेल ओढला आणि माझ्या पायाशी फेकला.