इथलीच हाये

आमच्या घरात पहिली पदवी माझी. त्यामुळे उंद्रीतल्या आमच्या गल्लीचे सगळे फॉर्म भरायचं काम माझ्याकडे आलं. पीकविमा, शाळेचे दाखले, काय वाटेल ते. 'राष्ट्रीयत्व' हा रकाना आला की मी न विचारता 'भारतीय' लिहून टाकायची. तेवढी एकच गोष्ट कुणाला विचारावी लागत नसे.

मग माझाच फॉर्म निघाला. शिक्षकांच्या एका प्रशिक्षणासाठी परदेशी जायला माझी निवड झाली होती. पासपोर्ट महिन्याभरात हाती आला नाही, तर जागा दुसऱ्याला जाणार होती. उरली होती फक्त पोलीस चौकशी.

हवालदार आले तेव्हा बाबा वांगी तोडून नुकतेच घरी आले होते. मी चहा ठेवायला आत गेले आणि तेवढ्यात घोळ झाला.

"मुलीचं राष्ट्रीयत्व?" हवालदारांनी कागदावरून वाचलं.

बाबांनी 'राष्ट्रीय' हा शब्द महामार्गात कुणाची शेतं जाणार त्या मोजणीच्या वेळी तेवढा ऐकलेला. "राष्ट्रीय तं थो मोठा रोड हाये, साहेब. आपलं त्याच्यात काही येत नाही."

"येत नाही?"

"नाही नं! मोजणीवाले पाहून गेले. आपलं काहीच राष्ट्रीय नाही. लिहून घ्या तसं."

हवालदारांचा पेन थांबला. मी धावत बाहेर आले. "बाबा, काऊन असं सांगता!"

"तू चूप बस," बाबा हळूच म्हणाले. "वावर वाचवून राह्यलो मी."

मी समजावून सांगितलं, हवालदार हसले. पण शेजाऱ्याची साक्ष लागणारच होती. समोर शिंपीचाचांचं दुकान. माझा पहिलीचा गणवेश त्यांनीच शिवलेला, दोन वर्षं अंगाला यावा म्हणून खाली चांगली चार बोटं दुमड ठेवून.

"या मुलीला ओळखता?"

"पहिलीपासूनचं माप हाये माझ्या वहीत."

"भारतीय आहे?"

"इथलीच हाये."

"इथली नाही हो, भारतीय आहे का ते विचारतोय."

चाचांनी चष्मा कपाळावर सरकवला. "साहेब, भारत काय उंद्रीच्या बाहेर सुरू होते काय?"

हवालदारांनी 'होय' लिहिलं. "तुमचं आधार दाखवा."

चाचांनी मशीनचा खण उघडला. रिळांखाली त्यांचे सगळे कागद, पार आजोबांच्या दाखल्यापासून, एका पिशवीत तयार होते. आमच्याकडे एक कागद शोधायचा तर अख्खी पेटी उपसावी लागते.

पासपोर्ट वेळेत आला. बाबांनी बोट ठेवून एकेक ओळ माझ्याकडून वाचून घेतली. जन्मस्थळाशी उंद्री आलं तेव्हा ते खूश झाले. मग विचारलं, "वावराचं काही नाही नं याच्यात?"

"नाही."

तेव्हा कुठे पासपोर्ट सदऱ्याच्या खिशात घालून ते समोर गेले. मीही मागोमाग. चाचांनी पासपोर्ट मधोमध उघडला, पानांमधल्या टाक्यावरून अंगठा फिरवला, एकदा हलकेच ओढून पाहिला.

"शिलाई पक्की हाये," ते मला म्हणाले. "जाय आता, पोरी."