आईच्या खोलीतलं ओझोनचं मशीन

माझी आई मस्कतला एकदाच आली, तीन महिन्यांसाठी, आणि त्यातले पाच आठवडे मी तिला घरातल्या घरात घुसमटवलं. मुद्दाम नाही. पण मुद्दाम नव्हतं म्हणून माझं काही हलकं होत नाही, कारण अख्ख्या मस्कतमध्ये ही चूक ज्याने करायला नको होती, असा माणूस मीच होतो.

मी इमारतींची देखभाल करणाऱ्या कंपनीत सुपरवायझर आहे. भाड्याचे फ्लॅट रिकामे झाले की पुढच्या भाडेकरूसाठी ते तयार करून द्यायचे, हे आमचं काम. एसी, नळ, रंग हे सगळं सोपं. वास हे खरं प्रकरण. कुणी वर्षानुवर्षं बखूरचा, म्हणजे अरबी धुपाचा, धूर केलेला असतो, कुणी बंद खोलीत सिगरेटी ओढलेल्या असतात, कुणाच्या फोडण्या भिंतीत मुरलेल्या असतात. त्यावर आमच्याकडे ओझोन सोडणारं एक मशीन आहे. ते रिकाम्या फ्लॅटमध्ये लावायचं, दार बंद करायचं, बाहेरून कागद चिकटवायचा: ‘आत जाऊ नये’. काम झालं की खिडक्या सताड उघडून घर काही तास तसंच सोडायचं, मगच माणूस आत. तो कागद मी स्वतः टाईप केलेला आहे. अर्बाबचं, म्हणजे मालकाचं, रोजचं ‘यल्ला, यल्ला, खलास करो’ चालायचं, तरी वेळेआधी मी एकाही माणसाला आत पाऊल टाकू दिलं नाही. त्या बाबतीत मी फार कडक म्हणून प्रसिद्ध होतो.

आई आली ती एप्रिलच्या शेवटी. वडील गेल्यानंतर ती गुहागरजवळच्या आमच्या गावी मोठ्या भावाकडे राहायची. थंडीत तिची छाती थोडी वाजायची, श्वासाचा एक पंप पिशवीत असायचा, पण तो वापरायची वेळ क्वचित यायची. सत्तरी उलटली तरी माडांच्या आगरात दिवसभर वाकून काम करणारी बाई ती. तिच्या बॅगेत दोन लुगडी होती आणि बाकी सगळा खाऊ. आमसुलं, कुळथाचं पीठ, आणि प्लॅस्टिकच्या चार-पाच पिशव्यांत एकात एक गुंडाळलेला सुका जवळा. ती बारीक कोलंबी तिनेच अंगणात वाळवलेली.

अल् घुब्रातल्या आमच्या फ्लॅटच्या खिडक्या उन्हाळा सुरू झाला की बंद होतात, त्या थेट दिवाळीच्या सुमाराला उघडतात. बाहेर आग आणि धूळ, आत एसी. अशा बंद डब्यात आईने तवा तापवला, कांदा टाकला, जवळा परतला, वर आमसूल आणि ओलं खोबरं. खोटं कशाला बोलू, माझ्या तोंडाला पाणी सुटलं. मी चार भाकऱ्या खाल्ल्या आणि आई समोर बसून बघत राहिली.

पण वास गेला नाही. तो पडद्यांत बसला, सोफ्यात बसला. बायको काही बोलली नाही, ती चांगली आहे, पण ऑफिसचे कपडे तिने गुपचूप पिशव्यांत बांधून ठेवले. मग एक दिवस मुलीची शाळेतली मैत्रीण प्रोजेक्ट करायला आली, दारातच नाक धरलं, आणि पाच मिनिटांत काहीतरी निमित्त काढून गेली. मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती. तिचं मराठी अडखळत चालतं. ती माझ्याजवळ येऊन रडवेल्या आवाजात म्हणाली, “पपा, प्लीज आज्जीला सांगा ना. फिश नको बनवू म्हणून. पूर्ण घर स्टिंक करतं. ती आता स्कूलमध्ये सगळ्यांना सांगणार.”

आईला ‘जवळा करू नकोस’ असं सांगायची माझी हिंमत नव्हती. आणि मलाही लाज वाटत होती, हे कबूल करायची तर त्याहून नव्हती. तिच्या हातचा जवळा खाऊन मोठा झालेला मी, लिफ्टमध्ये कुणी शिरलं की स्वतःच्या शर्टाची बाही हुंगत होतो. मग मी माझ्या धंद्यातली अक्कल वापरली. बौशरच्या एका मॉलमधून हवा शुद्ध करणारं मशीन आणलं, आणि निवडताना मुद्दाम ओझोनचं बटण असलेलंच निवडलं. खोक्यावर हिरवा डोंगर छापला होता. भाताच्या कुकरएवढं, पांढरंशुभ्र. कामावरचं मशीन म्हणजे धूड. हे एवढंसं, घरगुती, दुकानात उघड मांडलेलं. म्हटलं, विकतात म्हणजे चालत असणार.

आईला मी सांगितलं, “हे तुझ्या श्वासासाठी आणलंय.”

ती इतकी हरखली की मला तिच्याकडे बघवेना. “माझ्यासाठी? कशाला रे एवढं?” असं म्हणत तिने त्याच्यावरून हात फिरवला. मग आत जाऊन हळदकुंकू घेऊन आली आणि मशीनला बोट टेकवलं. आमच्या घरात नवीन वस्तू तशीच कधी वापरली जात नाही. संध्याकाळी गावी फोन लावून तिने वहिनीला सांगितलं, “पोराने मशीन आणलंन माझ्यासाठी. माझ्या दम्यासाठी गो!” मी तिथेच बसलो होतो. टीव्हीचा आवाज वाढवला.

मशीन सुरू झाल्यावर हवेत एक तिखट, धातूसारखा वास यायला लागला. मुलगी खूश झाली, तिला तो स्वच्छ वाटला. आई नाक वर करून म्हणाली, “वीज पडल्यावर असा वास येतो. आपल्या माडावर पडली होती ना, तेव्हा आगरभर असाच होता.” मी तिला शाबासकी दिली. म्हटलं, बरोबर ओळखलंस, आत छोटी छोटी वीजच पडत असते. स्वतःचं ज्ञान पाजळायची संधी मी सोडत नाही. वीज पडलेल्या माडाखाली आपण आईला बसवतोय का, हे मात्र मनात आलं नाही.

आठवड्याभरात ती खोकायला लागली. आधी सकाळी, मग दुपारी पडली तरी. छातीवर कुणी पाट ठेवल्यासारखं वाटतं, म्हणायची. बाहेर धूळ उठली होती, मी धुळीला दोष दिला. एसीची जाळी काढून धुतली. मग मशीन हॉलमधून उचलून तिच्या उशाशी नेऊन ठेवलं आणि दार लावून घ्यायला सांगितलं, हवा बाहेर जाऊ नये म्हणून. आई जास्त खोकली की मी बटण एका आकड्याने वाढवायचो. होय, मी तेच करत होतो. ती खोकायची आणि मी बटण वाढवायचो.

एक खूण तर समोर होती. जवळ्याची आणि पिठाची पुडकी आईने तिच्याच खोलीतल्या कपाटावर रबर लावून ठेवली होती. ती रबरं आपोआप तडकून तुटायला लागली. “इथलं रबर अगदीच फुसकं,” आई म्हणाली आणि सुतळीने पुडकी बांधली. ओझोन रबर खातो हे मला माहीत होतं. कामावर आम्ही फ्रिजच्या दाराचं रबर झाकून घेतो. मी सुतळी शोधून दिली आणि कामावर गेलो.

पंप दिवसातून चार-पाच वेळा लागायला लागला तेव्हा मी तिला घराजवळच्या क्लिनिकमध्ये नेलं. डॉक्टर मल्याळी बाई होत्या. छाती तपासून त्यांनी हिंदीत विचारलं, “घर में कुछ नया लाया क्या? स्प्रे, पेंट, धूप, कुछ भी?” मी नाही म्हणालो. आईला तेवढं हिंदी समजत होतं. ती अभिमानाने म्हणाली, “मशीन लाया ना! हवा का! मेरे वास्ते!”

डॉक्टरांनी मला मशीनबद्दल विचारलं. मी ओझोन हा शब्द उच्चारला आणि त्यांचा चेहरा बदलला. त्या शांतपणे बोलल्या. ओझोन वर आकाशात ठीक आहे, फुप्फुसात नाही. तो श्वासनळ्या सुजवतो, खोकला आणतो, छाती आवळतो, आणि दमेकरी माणसाला तर फारच वाईट. वास येतोय याचा अर्थ तो आत जातोय. मशीन छोटं असलं तरी खोलीही छोटीच असते ना, असं म्हणून त्यांनी विचारलं, “आप काम क्या करते हैं?”

मी सांगितलं, मेंटेनन्स. पुढचं सांगितलं नाही.

घरी येऊन मशीनची पुस्तिका काढली. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात होतं: ओझोन चालू असताना खोलीत माणसं, पाळीव प्राणी नसावेत. पुस्तिका न वाचता मशीनला हात लावणाऱ्या माणसांना मी कामावर काय काय बोललेलो आहे! आणि दारावरचा तो कागद मीच टाईप केला होता. मी प्लग काढला, मशीन उचललं, स्टोअररूममध्ये ठेवलं. आईने विचारलं, काय झालं रे? मी म्हणालो, “बिघडलं.”

आठ-दहा दिवसांत खोकला ओसरला. आई पुन्हा घरभर हिंडायला लागली. बायकोला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, “आईंना सांगा. आजच सांगा.” मी हो म्हटलं. इन्शाल्ला उद्या, असं इथे आम्ही कामावर म्हणतो, तसं.

पण आईने स्वतःच हिशेब जुळवला होता. त्या आजारपणात तिने चूल बायकोकडे सोपवली होती, घरात जवळा झाला नव्हता. ती म्हणाली, “मला कळलं काय ते. हा जवळाच मला बाधला. बंद घरात त्याची धग छातीत जाते. थांबवला तशी बरी झाले बघ.” उरलेली पुडकी तिने खाली वॉचमनला देऊन टाकली. घरात कुठलाच वास राहिला नाही. मुलीची मैत्रीण पुन्हा यायला लागली. मला हवं होतं ते सगळं झालं होतं.

परत जायच्या आधीच्या शुक्रवारी आम्ही तिला रुस्ताकला नेलं. किल्ला बघून झाल्यावर तिथल्या बाजारात, सूकमध्ये, शिरलो. एका म्हाताऱ्या ओमानी माणसाच्या दुकानात पोत्यात सुकी मासळी होती, बारीक, चंदेरी. आई थबकली. खाली वाकून तिने मूठभर उचलली, नाकाशी नेली, डोळे मिटले. इतका वेळ तशीच उभी राहिली की दुकानदार हसला आणि पिशवी उघडून धरली. मग तिने मूठ पुन्हा पोत्यात सोडली. “नको बाबा. मला नाही सोसत आता.”

त्या क्षणी सांगायचं होतं. बायको माझ्याकडे बघत होती. दोन वाक्यांचं काम होतं: जवळ्याने काही झालं नव्हतं, आई. मशीनने झालं होतं. पण त्यापाठोपाठ तिसरं वाक्य आलं असतं, की मशीन तुझ्या श्वासासाठी नव्हतंच, तुझ्या जेवणाच्या वासासाठी होतं. ते माझ्याने बोलवेना. मी म्हणालो, “चल, ऊन वाढतंय.” भित्रा मी लहानपणापासून आहे, आईला ते ठाऊक होतं.

ती गावी परत गेली. फोनवर रोज बोलायची, छाती ठीक होती. दोन वर्षांनी, मागच्या मे महिन्यात, झोपेतच तिचं हृदय थांबलं. फुप्फुसाचं काही नव्हतं, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. मी दोनदा विचारून घेतलं.

मी गावी गेलो, तेरावं झालं. चौदाव्या दिवशी वहिनीने जेवायला वाढलं. भाकरी, आणि शेजारी तव्यावरचा जवळा. तोच रंग, तेच आमसूल. मी म्हटलं, कुठून आणलात?

“आईंनीच वाळवलेला, महिन्याभरापूर्वी,” वहिनी म्हणाली. “दरवर्षी डबा भरून ठेवायच्या आमच्यासाठी. स्वतः मात्र मस्कतहून आल्यापासून तोंडात घातला नाही. आम्ही जेवायला बसलो की अंगणात जाऊन बसायच्या. म्हणायच्या, वास आला की जीव जातो गो त्याच्यात, म्हणून लांब बसते. आणि सगळ्यांना सांगायच्या, पोराने एवढं मशीन आणलंन माझ्या दम्यासाठी, आणि मी माशाचा वास करून करून ते बिघडवलं.”

मी ताटावरून हात मागे घेतला. मग वहिनीला सगळं सांगितलं, पहिल्यापासून, मैत्रिणीने नाक धरलं तिथपासून. सांगून झालं तेव्हा भाकरी गार झाली होती.

“एवढंच ना?” ती पदराने डोळे पुसत म्हणाली. “त्या हसल्या असत्या हो, भावजी. दोन शिव्या दिल्या असत्या आणि जवळा खाल्ला असता.”