निळ्या दोऱ्याची काजं

काजमावशी आता शिंपीमास्तरांच्या दुकानामागच्या खोलीत राहतात. खोली हातभर, पण खिडकी मोठी आणि दाराला कडी आतून. कडीचं त्या येणाऱ्या प्रत्येकाला आवर्जून सांगतात.

सारी हयात त्यांनी कोटांना हाताने काजं केली. नवरा गेला, मुलाचा संसार वाढला, तशी घरातली त्यांची जागा मागे मागे सरकत सामानाच्या खोलीत गेली. कोटांचा गठ्ठा सून जाता-येता दुकानातून आणायची आणि पोचवायची. बाहेरच्या जगाशी तेवढाच संबंध उरला होता.

एकदा काळ्या कोटाला निळ्या दोऱ्याची काजं होऊन आली. मास्तर कोट घेऊन तणतणत घरी गेले.

"झोपल्यात त्या," सून म्हणाली.

"मग उठवतो!"

मागच्या खोलीला बाहेरून कडी होती. मास्तरांनी ती काढली. आत मिट्ट काळोख. दिव्याच्या जागी रिकामा होल्डर, उशाशी वाळलेल्या भाताची ताटली. मावशींनी डोळे किलकिले केले.

"मास्तर, टाके तरी सरळ आलेत ना?"

मास्तरांचा राग कुठल्या कुठे गेला. "सरळ आहेत. उठा मावशी. मला दुकानात माणूस हवंय."

मावशींनी सुयांची डबी तेवढी घेतली.

पुढे मुलगा न्यायला आला. "आई, चल घरी. लोक नावं ठेवतात. तू पडशील म्हणून कडी लावायचो गं."

"पडले असते, तर उचलायला कडी काढावीच लागली असती ना रे? आणि दिवा?"

मावशी सुई ओवायला बसल्या, पण दोरा सुईत जाईना. मुलाने सुई घेतली आणि लहानपणी ओवून द्यायचा तशी ओवून दिली.

"चहाला येईन," मावशी म्हणाल्या. "मुक्कामाला नाही. तू मात्र येत जा."

तो येतो. दर वेळी नाही, पण येतो.

तो कोट गिऱ्हाइकाने घेतला नाही. मास्तरच घालतात आणि कुणी विचारलं की सांगतात, "आमच्या मावशींची फॅशन!"

"उसवून देते म्हटलं तर देत नाही मेला," मावशी लटक्या रागाने म्हणतात.

संध्याकाळी दुकान मिटलं की त्या आतून कडी लावतात. मग उगाचच काढतात, दार उघडून रस्ता बघतात आणि पुन्हा लावतात.