चौकोनाची डावी बाजू

यार्डातले लोक त्याला घार म्हणत. तीस वर्षं तो क्रेनच्या केबिनमध्ये बसून लोखंडी तुळया माणसांच्या डोक्यावरून इकडच्या तिकडे ठेवत आला होता. खाली पडलेला नटसुद्धा आपल्या नजरेतून सुटत नाही, असं तो सांगायचा. सांगण्यात थोडं तिखटमीठ असेलही, पण त्याच्या क्रेनखाली आजवर कुणाचं बोटही चेंगरलं नव्हतं, हे शंभर टक्के खरं.

घरी आला की हाच दांडगा माणूस बोटाएवढ्या सैनिकांपुढे भिंग लावून बसे. दीडशे वर्षांपूर्वी, कुठल्याशा राणीच्या राज्यात, वाळवंटात निघालेली एक मोहीम त्याच्या डोक्यात कायमची मुक्कामाला आली होती. "त्या राणीचं आपण काही लागत नाही, त्या वाळवंटाचंही नाही. मग ही उठाठेव कशाला?" असं बायको विचारायची. तो त्यावर टोप्यांचं पुराण सुरू करायचा. "अगं, टोप्या पांढऱ्या होत्या, लांबून दिसायच्या. म्हणून पोरांनी त्या चहाच्या पाण्यात बुडवल्या." तो नेमका मळकट रंग जमवायला त्याने तीन महिने घालवले होते. घरातल्या चहाचे नमुनेसुद्धा झाले.

यंदाचं काम सगळ्यात मोठं होतं. सैनिकांचा चौकोन. चारही बाजूंना बाहेर तोंड करून उभ्या रांगा, मधे उंट, पाण्याची पिंपं आणि जखमी. इतर लोक सैनिक आधी रंगवतात, मग फळीवर चिकटवतात. याचं उलटं. हात लागून रंग जातो म्हणे, म्हणून राखाडी अस्तर मारून आधी सगळे चिकटवायचे आणि मग रंगवायचे. फळी एकदा पडली होती, तेव्हापासून ती टेबलाला शिकंज्याने आवळलेली. येईल त्या पाहुण्याला तो बजावायचा, "चौकोनाची एक बाजू उघडी पडली की खेळ खलास. शत्रू तिथूनच आत येतो."

रविवारी सकाळी त्याने ब्रश धुतला आणि हाक मारली, "ये गं, झालं एकदाचं!"

ती हात पुसत आली. समोरची रांग झकास होती, पट्ट्यांची बकलं चमकत होती. उजवी बाजूही तशीच. मग तिची नजर डावीकडे गेली. ती अख्खी बाजू राखाडी होती. ना डोळे, ना टोप्या, ना बंदुका. समोरच्या रांगेतले डावीकडचे तिघेही तसेच कोरे.

"ही बाजू राहिली की," ती म्हणाली.

"कुठली? डोळे तपासून घे," तो हसला. "सगळे झाले."

तो थट्टा करत नव्हता. त्याचा चेहरा तिला पाठ होता.

महिनाभरातलं एकेक आठवत गेलं. डाव्या हाताला ठेवलेला चहा तसाच गार व्हायचा आणि वर हाच विचारायचा, "आज चहाला सुट्टी का?" चौकटीला आपटून डावा खांदा काळानिळा. वय झालं, असं ती म्हणत आली होती. आणि परवाचा शुक्रवार. तिचा धाकटा भाऊ त्याच यार्डात, याच्याच क्रेनखाली उभा राहून हाताने खुणा करायचा. संध्याकाळी येऊन तो म्हणाला होता, "भावोजी, आज तुळई इतकी जवळून नेलीत, टोपी उडाली माझी! हजामतीचा विचार होता का?" यावर हा शांतपणे म्हणाला होता, "तू तिथं नव्हतासच." सगळे खो खो हसले होते. तीसुद्धा.

"धाकटा कुठल्या बाजूला उभा असतो हो?" तिने विचारलं.

"डावीकडे. नेहमीच. का?"

उद्या सोमवार, उद्या सगळ्यात मोठी तुळई उचलायची होती. आठवडाभर घरात तोच विषय. बोलावं तर त्याची केबिन जाणार, आणि केबिन गेली तर या माणसात काय उरणार, हे तिला माहीत होतं. न बोलावं तर भाऊ. तिने आणखी विचार केला नाही. शिकंजा सैल केला आणि फळी अर्धी फिरवली.

"अगं, काय करतेस!" तो ओरडला, आणि मग थबकला. "यांचे रंग कोणी काढले?"

"कोणी नाही. तुम्ही लावलेच नाहीत."

त्याने फळी स्वतःच्या हाताने परत फिरवली. कोरे सैनिक गेले. पुन्हा फिरवली. कोरे सैनिक आले. असं त्याने चार वेळा केलं. भिंग पुसलं, काढून ठेवलं, आणखी एकदा फिरवली. कपाळावर घाम आला होता.

"शुक्रवारी मी थट्टा नव्हतो करत," तो म्हणाला. "मला वाटलं, जागा मोकळी आहे."

तिला रडू फुटलं. तेवढ्यात दारातून आवाज आला, "भावोजी, जेवायला घालताय ना?" रविवारी धाकटा इथेच जेवायचा. दार टेबलाच्या डाव्या हाताला, जेमतेम चार पावलांवर. तो सरळ आत येऊन टेबलाशी उभा राहिला.

घारीने मान वर केली आणि उजवीकडे खिडकीकडे पाहिलं. मग भिंतीकडे. मग पुन्हा खिडकीकडे.

धाकट्याला वाटलं, खेळ चाललाय. यार्डात करतो तसे त्याने दोन्ही हात डोक्यावर उंच धरले. काम थांबवा, अशी ती खूण. "अहो भावोजी, हा काय मी!"

त्याने आवाजाकडे डोकं वळवलंच नाही. खिशातून केबिनची किल्ली काढली आणि चाचपडत बायकोच्या तळहातावर ठेवली.

"तूच दे त्याला," तो म्हणाला. "मला तो दिसत नाहीये."